जेट इंजिन 1930 मध्ये कागदावर होते, मग विमान उडायला अकरा वर्षे का लागली?

प्रश्न असा आहे: ब्रिटिश हवाईदलातील तरुण अधिकारी फ्रँक व्हिटल यांनी जेट इंजिनाच्या पेटंटसाठी जानेवारी 1930 मध्ये अर्ज केला, तरीही जेटच्या बळावर उडालेले पहिले विमान जर्मनीत, ऑगस्ट 1939 मध्ये उडाले आणि व्हिटल यांचे इंजिन थेट मे 1941 मध्ये हवेत गेले. कल्पना इतकी सोपी असताना एवढा काळ कशात गेला, ब्रिटिश हवाई मंत्रालयाने सुरुवातीलाच पैसे दिले असते तर हे सगळे पाच-सात वर्षे आधी घडले असते का, असे विचारले आहे. मी गॅस टर्बाइनच्या चाचणीकक्षांत तीस वर्षांहून अधिक काळ काम केले आहे, त्यामुळे उत्तर तारखांपेक्षा यंत्राच्या बाजूने देतो.

कल्पना सोपी आहे हे खरे आहे. कॉम्प्रेसरने हवा दाबायची, तिच्यात इंधन जाळायचे, तापलेल्या वायूने टर्बाइन फिरवायचे, त्या टर्बाइनने कॉम्प्रेसर चालवायचा आणि उरलेला वायू मागच्या नोझलमधून वेगाने बाहेर सोडायचा. ही कल्पना एकट्या व्हिटल यांची नव्हती. नॉर्वेच्या एगिडियस एलिंग यांनी 1903 मध्येच स्वतःला फिरवून थोडी शक्ती शिल्लक टाकणारे गॅस टर्बाइन चालवले होते, आणि फ्रान्सच्या मॅक्सिम गिलोम यांनी 1921 मध्ये विमानासाठी अशाच इंजिनाचे पेटंट घेतले होते. अडचण त्या 'उरलेला' या शब्दात आहे. किती उरते, हा सगळा प्रश्न आहे.

थोडे गणित मांडतो, कारण त्याशिवाय त्या काळच्या तज्ज्ञांचा नकार समजत नाही. हवा चौपट दाबली, तर आदर्श स्थितीत तिचे तापमान सुमारे 140 अंशांनी वाढते. टर्बाइनच्या तोंडाशी वायूचे तापमान सुमारे 780 अंश सेल्सिअस धरले, तर तो वायू पुन्हा मूळ दाबापर्यंत प्रसरण पावताना आदर्श स्थितीत सुमारे 308 अंशांची उतरण देऊ शकतो. कॉम्प्रेसर आणि टर्बाइन दोघांचीही कार्यक्षमता 80 टक्के असेल, तर कॉम्प्रेसर चालवण्यासाठी या 308 पैकी सुमारे 190 अंश खर्ची पडतात, आणि उरलेल्या भागातून वायू सेकंदाला 500 मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडतो. पण दोघांची कार्यक्षमता 65 टक्के असेल, तर 308 पैकी सुमारे 290 अंश कॉम्प्रेसरच गिळतो, आणि जे उरते ते ज्वलनकक्षातील दाबाच्या घटीत संपून जाते. इंजिन फिरेल, तापेल, आवाज करेल, पण ढकलणार नाही. 1920 च्या दशकातील कॉम्प्रेसर या दुसऱ्या आकड्याच्या जवळपास होते. म्हणून 1929 मध्ये हवाई मंत्रालयासाठी व्हिटल यांची योजना तपासणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ यांनी त्यातल्या आकडेमोडीच्या चुका दाखवून ती अव्यवहार्य ठरवली, यात मला दुष्टपणा दिसत नाही. याच ग्रिफिथ यांनी 1926 मध्ये असे दाखवून दिले होते की कॉम्प्रेसरची पाती विमानाच्या पंखांसारखी मानून घडवली पाहिजेत, नाहीतर हवा त्यांना सोडून सुटते आणि कार्यक्षमता कोसळते. म्हणजे या विषयातले सर्वांत मोठे जाणकारच परीक्षक होते. त्यांची चूक एवढीच की त्यांना टर्बाइनने विमानाचा पंखा (प्रोपेलर) फिरवायचा होता. केवळ झोताने विमान ढकलण्याचा विचार त्यांनी फार लवकर बाजूला ठेवला. उंचावरच्या थंड, विरळ हवेत आणि मोठ्या वेगात झोताचा हिशेब बदलतो, हे बावीस वर्षांच्या व्हिटल यांनी ओळखले होते.

मंत्रालयाने पेटंट गुप्तही ठेवले नाही. जानेवारी 1935 मध्ये ते नूतनीकरणाला आले, तेव्हा पाच पौंड शुल्क भरण्याची व्हिटल यांची ऐपत नव्हती आणि मंत्रालयाला ते भरावेसे वाटले नाही, पेटंट संपले. मार्च 1936 मध्ये माजी हवाईदल सहकाऱ्यांच्या खटपटीतून 'पॉवर जेट्स' ही कंपनी उभी राहिली. व्हिटल तेव्हा नोकरीतले अधिकारी होते, केंब्रिजला शिकत होते, आणि या कामासाठी त्यांना आठवड्याला सहा तासांची अधिकृत परवानगी होती.

आता त्यांनी काय मागितले ते पाहा. रग्बी येथील ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन कंपनीकडून त्यांनी जे पहिले इंजिन बनवून घेतले, त्याच्या कॉम्प्रेसरचे चाक 19 इंच व्यासाचे होते आणि ते मिनिटाला 17,750 फेऱ्यांनी फिरणे अपेक्षित होते. म्हणजे चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ 450 मीटर, आवाजाच्या वेगाहून कितीतरी अधिक. ते चालवणारे टर्बाइन साडेसोळा इंचांचे, आणि त्याच्याकडून अपेक्षा सुमारे 3,000 अश्वशक्तीची. हे टर्बाइन इतके लहान आणि इतके तापलेले होते की वाफेच्या टर्बाइनचा अनुभव असलेल्या कारखान्यालाही अशा चाकाची सवय नव्हती. पात्यांच्या आकारावरून वादही झाला. वाफेच्या टर्बाइनमध्ये लहान पात्याचा कोन मुळापासून टोकापर्यंत जवळजवळ सारखा ठेवला तरी भागत असे. नोझलमधून बाहेर पडणारा वायू भोवऱ्यासारखा फिरत असतो, त्यामुळे त्याचा दाब मुळाशी कमी आणि टोकाशी अधिक असतो, म्हणून पाते पिळलेले हवे, असे व्हिटल यांनी आग्रहाने मांडले. आज कोणताही विद्यार्थी पहिल्या सत्रात हे शिकतो. तेव्हा ते एका तरुण हवाईदल अधिकाऱ्याने मुरलेल्या अभियंत्यांना सांगितले होते, आणि संबंध बिघडायला तेवढे पुरेसे ठरले.

12 एप्रिल 1937 रोजी हे इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या बळावर फिरले. मिनिटाला 2,000 फेऱ्यांच्या आसपास असताना ते आपोआप वेग घेऊ लागले. व्हिटल यांनी इंधनाची झडप बंद केली तरी वेग वाढतच राहिला, आवाजाची किंकाळी झाली, आणि आसपासची माणसे धावत सुटली. नंतर कारण सापडले: आधीच्या तयारीत इंधन गळून ज्वलनकक्षाच्या तळाशी साचले होते, आणि झडप बंद झाल्यावर इंजिन त्या डबक्यावर चालत होते. हा प्रसंग मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या मुलाला सांगितला आहे. आजही चाचणीकक्षात एखादे इंजिन पेटले नाही, तर पुन्हा ठिणगी देण्याआधी ते इंधनाविना नुसते फिरवून आतले साचलेले इंधन बाहेर काढतात, आणि ज्वलनकक्षाच्या तळाशी गळतीची झडप असते. माझ्या उमेदवारीच्या काळात घाईने ही पायरी गाळलेली एकदा पाहिली आहे; मागच्या नळीतून निघालेली ज्वाळा अजून डोळ्यांसमोर येते.

खरी कोंडी ज्वलनाचीच होती, आणि लोकांना ती सर्वांत कमी ठाऊक असते. कॉम्प्रेसरमधून हवा सेकंदाला शंभर मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने येते. केरोसिनची ज्योत स्थिर हवेत पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटरही नसतो. म्हणजे वादळात काडी पेटती ठेवण्यापेक्षाही हे कठीण. शिवाय केरोसिन नीट जळण्यासाठी एका किलोला सुमारे 15 किलो हवा लागते, पण तेवढ्याच हवेत जाळले तर तापमान 2,000 अंशांपलीकडे जाऊन टर्बाइन वितळेल. म्हणून एकूण हवा साठ-पासष्ट किलो घ्यावी लागते, आणि इतक्या पातळ मिश्रणात ज्योत टिकतच नाही. उपाय असा की हवेचा लहानसा भाग पुढच्या भागात अडवून, घुमवून, त्या संथ भोवऱ्यात इंधन जाळायचे, आणि बाकीची हवा नंतर भोकांतून हळूहळू मिसळून वायू थंड करायचा. हे वाचायला सोपे आहे. व्हिटल यांना हवे होते ते ज्वलन, दर घनफूट जागेत निर्माण होणाऱ्या उष्णतेच्या हिशेबाने, तोवर कोणी साध्य केलेल्या ज्वलनाच्या किमान वीसपट तीव्र होते. भट्ट्या बनवणाऱ्या बहुतेक कंपन्यांनी हे अशक्य म्हणून नाकारले. एडिंबरोच्या लेडलॉ ड्रू कंपनीने काम घेतले. पुढची तीन वर्षे मुख्यतः यातच गेली. इंधनाची आधी वाफ करून मग जाळण्याचे अनेक प्रकार करून पाहिले. नळ्या काजळीने भरत, वाकत, जळत. एका मोठ्या ज्वलनकक्षाऐवजी दहा छोटे कक्ष ही तिसऱ्या आवृत्तीतील रचना 1938 च्या शेवटी आली. पण प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला तो 1940 मध्ये, जेव्हा शेल कंपनीतील आयझॅक लबॉक यांच्या गटाने इंधनाची बारीक फवारणी करणारा बर्नर दिला. वाफ करण्याचा नाद सोडून दाबाने फवारा करायचा, एवढाच फरक, पण तिथून पुढे पॉवर जेट्सच्या नोंदींमध्ये ज्वलनाची रड कमी होत जाते.

आता जर्मनीकडे येऊ. हान्स फॉन ओहाइन यांनी गोटिंगेन विद्यापीठात 1935 मध्ये डॉक्टरेट पूर्ण केली. आपल्या मोटारीची दुरुस्ती करणाऱ्या गॅरेजमधील मेकॅनिक माक्स हान यांच्याकडून त्यांनी स्वतःच्या पैशाने एक प्रतिकृती बनवून घेतली. ती स्वतःच्या बळावर कधी फिरली नाही. इंधन ज्वलनकक्षात जळण्याऐवजी टर्बाइनमध्ये आणि त्याच्याही मागे जळत होते, म्हणजे नेमकी व्हिटल यांचीच अडचण. त्यांचे प्राध्यापक रॉबर्ट पोल यांनी त्यांना विमान उत्पादक अर्न्स्ट हाइन्केल यांच्याकडे पाठवले, आणि 1936 मध्ये रोस्टॉकजवळच्या कारखान्यात त्यांना कामाची जागा मिळाली.

माझ्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत शहाणा निर्णय ओहाइन यांनी इथे घेतला. हाइन्केल यांना लवकर काहीतरी फिरताना दिसायला हवे होते आणि द्रवरूप इंधन नीट कसे जाळायचे हे कोणालाच येत नव्हते. तेव्हा त्यांनी पहिले प्रात्यक्षिक इंजिन हायड्रोजनवर चालवले. हायड्रोजनची ज्योत केरोसिनच्या किमान पाचपट वेगाने पसरते, वाफ करण्याचा प्रश्न नाही, फवाऱ्याचा नाही, मिश्रण पातळ असले तरी जळते. हायड्रोजनवर विमान उडणार नव्हते, हे त्यांना पूर्ण ठाऊक होते. पण कॉम्प्रेसर आणि टर्बाइन यांची जोडी चालते की नाही, हा प्रश्न ज्वलनाच्या प्रश्नापासून वेगळा काढता आला. 1937 मध्ये ते इंजिन विनातक्रार फिरले, हाइन्केल यांचा विश्वास बसला, पैसे मिळत राहिले, आणि द्रवरूप इंधनाच्या ज्वलनकक्षावर शांतपणे काम करायला अवधी मिळाला. व्हिटल यांनी मात्र कॉम्प्रेसर, टर्बाइन आणि ज्वलन हे तिन्ही अनोळखी भाग पहिल्याच दिवशी एका दांड्यावर जोडले. प्रत्येक भागाची वेगळी चाचणी करण्यासाठी जे उपकरण लागते ते विकत घेण्याएवढे भांडवल त्यांच्याजवळ नव्हते, म्हणून संपूर्ण इंजिनच चाचणीचे उपकरण बनले. त्यामुळे इंजिन बिघडले की दोष कोणाचा, हे शोधण्यातच महिने जात. याचा दोष मी व्हिटल यांना देत नाही. पण एकेक प्रश्न सुटा करणे ही चैन नसते, तोच वेळ वाचवण्याचा मार्ग असतो, हे मी कामात पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

27 ऑगस्ट 1939 रोजी, म्हणजे युद्ध सुरू होण्याच्या पाच दिवस आधी, एरिख वार्झिट्स यांनी हाइन्केल 178 हे विमान रोस्टॉकच्या मारीएनेहे विमानतळावरून उडवले. इंजिनाचा रेटा सुमारे 450 किलो होता. उड्डाण काही मिनिटांचे होते. अगदी एका वर्षाने, 27 ऑगस्ट 1940 रोजी, इटलीत काप्रोनी-काम्पिनी विमान उडाले आणि जेट विमान म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला, पण त्याचा कॉम्प्रेसर साध्या पिस्टन इंजिनाने फिरत होता. टर्बाइनचा खरा प्रश्न त्यात टाळलेला होता, म्हणून त्या वाटेने पुढे कोणी गेले नाही.

हाइन्केलचे इंजिनही पुढे मोठ्या उत्पादनात गेले नाही. युद्धात वापरले गेले ते युंकर्स कंपनीचे 004, आणि ते बनवणारे आन्सेल्म फ्रांझ यांच्याबद्दल फार कमी लिहिले जाते, याची मला नेहमी खंत वाटते. व्हिटल आणि ओहाइन या दोघांनीही केंद्रोत्सारी कॉम्प्रेसर घेतला होता, ज्यात हवा मध्यातून कडेकडे फेकली जाते. तो दणकट असतो, पण रुंद होतो. फ्रांझ यांनी अक्षीय कॉम्प्रेसर घेतला: आठ टप्पे, एकामागे एक, हवा सरळ मागे जाते, आणि इंजिन सडपातळ राहते. दाब मात्र त्यांनी सुमारे तिपटीवर थांबवला. उत्तम इंजिनापेक्षा चालणारे इंजिन लवकर हवे, हे त्यांनी आधीच ठरवले होते. 11 ऑक्टोबर 1940 रोजी 004 पहिल्यांदा फिरले.

हा सावधपणा किती मोलाचा होता ते मार्च 1942 मध्ये कळले. मेसरश्मिट 262 या जर्मन लढाऊ विमानाच्या पहिल्या जेट उड्डाणासाठी बीएमडब्ल्यूची दोन इंजिने लावली होती; उड्डाणानंतर लगेच दोन्ही बंद पडली, कॉम्प्रेसरची पाती तुटली होती, आणि वैमानिक फ्रिट्झ वेंडेल नाकात खबरदारी म्हणून ठेवलेल्या पिस्टन इंजिनाच्या आधाराने जेमतेम परतले. त्याच वेंडेल यांनी 18 जुलै 1942 रोजी, लाइपहाइम येथून, 004 च्या जोडीवर हेच विमान केवळ जेटच्या बळाने उडवले.

मग धातूचा प्रश्न आला. 004 च्या पहिल्या आवृत्तीत निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनम सढळ हाताने वापरले होते. युद्धाच्या टंचाईत ते शक्य नव्हते. दुसऱ्या आवृत्तीत ज्वलनकक्ष साध्या पोलादाचे करून त्यांवर ॲल्युमिनियमचा थर दिला, टर्बाइनची पाती पोकळ करून आतून हवा खेळवली, आणि पुढे निकेलशिवायचे, मँगेनीज-क्रोमियमचे मिश्रधातूही वापरले. आतून थंड होणारे टर्बाइनचे पाते ही आज प्रत्येक प्रवासी विमानाच्या इंजिनातील सर्वांत महाग गोष्ट आहे. तिचा पहिला मोठा वापर टंचाईतून झाला. इंजिनाचे आयुष्य मात्र दहा ते पंचवीस तासांत संपे. ब्रिटनकडे निकेल होते, आणि माँड निकेल कंपनीने 1941 च्या सुमारास दिलेल्या निमोनिक 80 या मिश्रधातूने तिथला प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला.

1943 मध्ये 004 ची टर्बाइनची पाती पूर्ण वेगात तुटू लागली. कारण तापमान नव्हते, कंपन होते. सहा ज्वलनकक्ष म्हणजे प्रत्येक पात्याला एका फेरीत सहा ठोसे; मिनिटाला 9,000 फेऱ्यांना सेकंदाला 900 ठोसे. पात्याची स्वतःची नैसर्गिक कंपनसंख्या त्याच्या जवळ आली की पाते काही वेळात मुळाशी थकून तुटते. ती मोजायला फ्रांझ यांनी, त्यांच्याच सांगण्यानुसार, सूक्ष्म स्वरज्ञान असलेल्या एका व्यावसायिक वादकाला बोलावले, आणि त्याने व्हायोलिनच्या गजाने पाती घासून त्यांचा स्वर ओळखला. उपाय तीन झाले: पाती टोकाकडे अधिक निमुळती केली, एक मिलिमीटरने आखूड केली, आणि इंजिनाचा कमाल वेग 9,000 वरून 8,700 वर आणला. पात्याचा स्वर वर गेला, ठोशांचा खाली आला. आम्ही आज हेच काम लेसरने आणि पात्यांवर चिकटवलेल्या, ताण मोजणाऱ्या सूक्ष्म तारांनी करतो. तत्त्व तेच आहे.

ब्रिटनमध्ये 15 मे 1941 रोजी क्रॅनवेल येथे जेरी सेयर यांनी ग्लॉस्टर ई.28/39 सतरा मिनिटे उडवले. त्यातील व्हिटल यांच्या डब्ल्यू.1 इंजिनाचा रेटा 860 पौंड, म्हणजे सुमारे 390 किलो होता. पुढचे उत्पादन एका मोटार कंपनीकडे रखडले, आणि 1943 च्या आरंभी रोल्स-रॉईसने काम हाती घेतल्यावरच वेग आला; जुलै 1944 मध्ये मिटिऑर ही जेट लढाऊ विमाने ब्रिटिश हवाई दलात दाखल झाली. भारताशी या घराण्याचा संबंध इथूनच येतो. मिटिऑरचे मार्च 1943 मधील पहिले उड्डाण ज्या हॅलफर्ड इंजिनांवर झाले, त्यांचेच पुढचे रूप असलेल्या गॉब्लिनवर चालणारी व्हँपायर विमाने 1948 मध्ये आपल्या हवाई दलात आली, आणि नंतर बेंगळूरला परवान्यावर बनली.

राहिला शेवटचा प्रश्न: 1930 मध्येच पैसे मिळाले असते तर? माझा अंदाज, दोन-तीन वर्षे वाचली असती, पाच-सात नाही. ज्वलनाची तीन वर्षे पैशाने बरीच कमी झाली असती, कारण तिथे सुट्या चाचण्यांच्या उपकरणांचाच तुटवडा होता. 1935 च्या सुमारास कॉम्प्रेसरची कार्यक्षमताही हव्या त्या जागी येऊ लागली होती. पण 1930 च्या पोलादाचे पाते घेऊन कोणी 780 अंशांवर तासन्‌तास पूर्ण वेगात इंजिन चालवू शकले नसते. व्हिटल यांच्या दुसऱ्या आवृत्तीचे टर्बाइन 1938 च्या मे महिन्यातही फुटलेच. तरी पैशाच्या चणचणीची एक खूण पाहण्यासारखी आहे. उड्डाणयोग्य ठरू न शकलेल्या सुट्या भागांतून पॉवर जेट्सने डब्ल्यू.1एक्स नावाचे एक जादा इंजिन जुळवले होते. एप्रिल 1941 मध्ये ग्लॉस्टरचे विमान जमिनीवर धावण्याच्या चाचण्यांत त्यावरच चालले, आणि ऑक्टोबरमध्ये तेच इंजिन विमानाने अमेरिकेला, जनरल इलेक्ट्रिककडे गेले. त्याच्या आधाराने बनलेल्या इंजिनांवर अमेरिकेचे पहिले जेट विमान, बेल एक्सपी-59ए, एका वर्षाच्या आत, ऑक्टोबर 1942 च्या पहिल्या दोन दिवसांत कॅलिफोर्नियातील म्युरॉकच्या कोरड्या सरोवरावरून उडाले.